खानापूरची लाल माती आणि पिकअपचा पांढरा रंग

खानापूर तालुक्यात पांढरी गाडी घेतली की पहिल्याच पावसाळ्यात तिचा खालचा अर्धा भाग विटकरी होतो. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला जांभा दगड आणि त्याचीच लाल माती. पावसात ती चिखल होऊन चाकांच्या कमानीत बसते, उन्हाळ्यात भुकटी होऊन दाराच्या रबरातूनही आत येते. त्यात आमची पिकअप कामाची. बेळगावातून भाजी भरायची आणि चोर्ला घाट उतरून साखळी, म्हापशापर्यंत पोचवायची. भाजीचं भाडं कमी झालं की खानापूरच्या भट्ट्यांवरच्या विटा, सोसायटीचं खत, सुगीत भाताची पोती. म्हणजे माती, विटांचा चुरा, गोव्याची खारी हवा आणि खत हे सगळं एकाच पत्र्यावर येतं.

गाडी मी सेकंडहँड घेतली. इंजिन चांगलं होतं, रंगही मूळचाच होता, फक्त उन्हानं त्याची रया गेली होती. छतावरून हात फिरवला की बोटांना पांढरी पूड लागायची. सकाळच्या तिरप्या उन्हात बॉनेटवर गोल गोल चरांचं जाळं दिसायचं. घरात सगळ्यांचं म्हणणं एकच, भाड्याच्या गाडीला नटवून काय करायचंय? मला ते पटत नाही. रंग हे पत्र्याचं कातडं आहे. ते फाटलं की पाणी लोखंडापर्यंत जातं, आणि आमच्याकडच्या पावसात एकदा धरलेला गंज दसऱ्यापर्यंत थांबत नाही. हौद्याचा तळ सडला, दाराची खालची कड कुजली, की फिटनेसच्या आधी वेल्डिंग, पुटी, रंग असा खर्च येतोच, आणि गाडी विकायला काढली की किंमत पहिल्यांदा त्या कडेवरून ठरते.

बेळगावात रंगकाम करणारे एक जुने मिस्त्री आहेत, मी त्यांना मामा म्हणतो. गाडी त्यांना दाखवली. त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला आणि म्हणाले, "ऊन-पावसानं रंग जातोय ते बरोबर, खरं त्याच्यापेक्षा हातानं जास्त जातोय मालक. सकाळी उठून कोरड्या फडक्यानं गाडी पुसतात बघा, तिथंच सगळं संपतंय. पाणी भरपूर मारा, घासणं कमी करा."

पुढे मी जे काही केलं ते या एका वाक्याच्या आधारानं. त्यामागचं कारण साधं आहे. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमरपासून वरच्या थरापर्यंत सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. त्यातला सर्वांत वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, असलाच तर तो ४०-५० मायक्रॉनचा. आणि धुळीत जी बारीक वाळू असते ती क्वार्ट्झची, कठीणपणाच्या मोहस मापावर ७. साधा लोखंडी पत्राही तिच्यापुढे मऊ. अशी वाळू फडक्याखाली धरून गाडी पुसणं म्हणजे रोज थोडा रंग उतरवणं.

पाऊस ओसरला, पितृपक्षात भाडी कमी झाली, तेव्हा काम काढलं. जागा ठरवली ती गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडखाली. चिंचेच्या किंवा आंब्याच्या झाडाखाली सावली असते, पण वरून चीक आणि पाखरांची विष्ठा पडत राहते. उन्हात तर नकोच. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू धुवायच्या आत वाळतो आणि त्याचे डाग पुन्हा वेगळे काढावे लागतात. बॉनेट हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. घाट चढून आलेली गाडी लगेच धुवायला घेऊ नये.

सुरुवात हौद्यापासून केली. बहुतेक लोक केबिन चकचकीत करतात आणि हौदा झाडून सोडून देतात. खरी वाट तिथंच लागते. पोटॅश खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, गोव्याच्या हवेत असतं ते मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. दोन्ही ओल धरतात, दोन्ही गंजाला खाद्य पुरवतात. युरियाचं पोतं फुटलं तर कोपऱ्यात सांडलेले दाणे रात्रीच्या दमटपणानं विरघळतात आणि पत्र्याच्या सांध्यात उतरतात. आधी कोरड्या कुंच्यानं सगळं झाडून काढलं, मग रबरी मॅट उचलून बाहेर टाकली. मॅटखाली भाजीचा कुजका पाला आणि माती यांचा थर होता, त्याखाली पाणी. पाणी निघून जाण्याची भोकं चिखलानं बुजलेली. ती तारेनं मोकळी केली. दारांच्या खालच्या कडेलाही अशीच बारीक भोकं असतात, गुडघ्यावर बसून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. तीही मोकळी केली तेव्हा एका दारातून लाल पाणी बराच वेळ गळत होतं. दारं आतून सडतात ती याच पाण्यानं.

फाळक्याच्या बिजागऱ्या, कड्या, साखळ्यांची मुळं, सगळीकडे पाण्याची धार मारली. नंतर चाकं आणि कमानी. मडगार्डची कड आत वळलेली असते, त्या वळणात माती बसून दगड होते. पाण्यानं ती एका दमात निघत नाही. आधी भिजवायची, चहा प्यायचा, मग लाकडाच्या फळीनं उचकटायची. लोखंडी खुरपं तिथं घालू नये, रंग निघतो. चॅसीसवर डिझेल फवारून धुण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. त्यानं गाडी खालून काळीभोर दिसते, पण रबरी बुश आणि पाईप फुगतात आणि वर धूळ जास्त चिकटते. मी फक्त पाणी आणि शाम्पू वापरला.

चाकं आणि हौदा आधी करायचं कारण असं, की तिथली घाण उडते ती केबिनवर. केबिन आधी धुतली तर ती दोनदा धुवावी लागते.

केबिनला हात लावण्याआधी फवारणी पंपाचा उपयोग केला. शेतात वापरतो तसलाच पाठीवरचा १६ लिटरचा पंप, पण नवा, गाडीसाठी वेगळा ठेवलेला. तणनाशक मारलेला पंप यासाठी अजिबात घेऊ नये. आधी पाईपनं छतापासून खालपर्यंत साधं पाणी सोडलं. मग पंपात गाडीचा शाम्पू पातळ करून सगळ्या अंगावर मारला आणि चार-पाच मिनिटं तसाच राहू दिला. माती सुटून तिचे लाल ओघळ खाली यायला लागले. शाम्पू वाळायच्या आत पुन्हा पाणी. एवढ्यानं, एकदाही न घासता, अर्ध्याहून जास्त घाण गेली होती. सगळ्या कामात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही पायरी. घाईच्या दिवशी एवढंच करून थांबलं तरी चालतं.

मग दोन बादल्या. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग पुसायचा, साध्या पाण्यात खळखळून पिळायचा, मगच पुन्हा शाम्पूत. साध्या पाण्याच्या बादलीचा तळ नंतर पाहिला तर त्यात लाल गाळ होता. एकाच बादलीवर भागवलं असतं तर तो गाळ हातमोज्यातून पुन्हा बॉनेटवर गेला असता. वरून खाली यायचं: छत, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग. दारांच्या खालच्या पट्ट्याला वेगळं फडकं, ते वर न्यायचं नाही. हात सरळ फिरवायचा, गोल नाही. कापड जमिनीवर पडलं की ते त्या दिवसापुरतं बाद. कपड्यांची पावडर यासाठी नको, ती अल्कधर्मी असते, मेण असेल तर ते उतरवते आणि रबर कोरडं करते.

पाण्याबद्दल एक सांगायला हवं. आमच्या विहिरीचं पाणी मऊ आहे, साबणाला फेस चांगला येतो. आमचे पाहुणे अथणीकडचे, त्यांच्या बोअरचं पाणी जड. तिथं गाडी धुऊन उन्हात सोडली की प्रत्येक थेंबाच्या जागी पांढरं वर्तुळ उमटतं, आणि तसंच राहू दिलं तर क्षार रंगात बसतो. अशा पाण्याच्या गावात शेवटचं पाणी तरी पावसाचं साठवलेलं किंवा नळाचं घ्यावं, आणि पुसायला उशीर करू नये. डाग पडलेच असतील तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन कापडानं टेकवायचं, थोडा वेळ ठेवायचं आणि धुऊन टाकायचं. पुसताना मी मोठा जाड टॉवेल पत्र्यावर पसरून उचलत गेलो. ओढायचं नाही, पाणी टिपून घ्यायचं.

आमचे आजोबा कर्नाटकी बेंदराला बैल नदीवर न्यायचे तेव्हा अंगावर आधी नुसतं पाणी ओतत राहायचे, खरारा नंतर. वाळक्या चिखलावर खरारा ओढला की जनावर दुखतं, असं म्हणायचे. गाडी धुताना मला सारखी त्यांचीच पद्धत आठवत होती.

धुऊन झाल्यावर गाडी स्वच्छ दिसत होती, पण स्वच्छ नव्हती. हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून बोटं फिरवली तर खरखर लागली. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण, रस्त्याचं डांबर, झाडांचा चीक हे सगळं शाम्पूनं जात नाही. खालच्या पट्ट्यावरचे डांबराचे ठिपके आधी काढले. टार काढायचा स्प्रे मिळतो. घरात रॉकेल असलं तर कापडाला थोडं लावून ठिपक्यावर टेकवलं तरी डांबर सुटतं, मात्र जवळपास विडी-काडी नको आणि नंतर तो भाग शाम्पूनं धुवायलाच हवा. उरलेल्यासाठी क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ वडी. मळलेल्या मातीच्या गोळ्यासारखाच तो दिसतो. पत्रा शाम्पूच्या पाण्यानं ओला ठेवायचा, गोळा चपटा करून अलगद सरकवायचा, घाण दिसली की दुमडून नवी बाजू वर घ्यायची. खाली पडला तर टाकून द्यायचा, कितीही महाग असला तरी. छत आणि बॉनेट करायला दुपार गेली, पण नंतर पिशवीतला हात काचेवरून फिरावा तसा फिरला.

मग गंज. बॉनेटच्या पुढच्या कडेला खडी लागून टवके उडाले होते, आणि दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर, जिथं ताडपत्रीचा दोर आवळला जातो, तिथं रंग झिजून पिवळट-तपकिरी पट्टे पडले होते. मामांकडून मी कृती नीट विचारून घेतली होती. वॉटर पेपरनं गंज चांगल्या पत्र्यापर्यंत घासायचा, पुसून कोरडा करायचा, खाचेत उरतो त्यावर रस्ट कन्व्हर्टर लावायचं. त्यातल्या फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लानं गंजाचं रूपांतर काळ्या, घट्ट थरात होतं. तो पूर्ण वाळल्यावर प्रायमर, मग रंग. पांढरा म्हणजे पांढरा असं नसतं. गाडीवरच्या पट्टीवर रंगाचा कोड असतो, तो दाखवून रंग घ्यायचा, नाहीतर ठिगळ लांबून दिसतं. जाड एक हात देण्यापेक्षा पातळ दोन-तीन हात, मधे वाळायला वेळ. त्या आठवड्यात उघडीप मिळाली म्हणून हे जमलं. रिपरिप असती तर मी हे काम पुढे ढकललं असतं, कारण ओलीवर मारलेला रंग फुगून पुन्हा सुटतो.

दोराच्या जागी रंग लावून भागणार नव्हतं, दोर पुन्हा तिथंच घासणार. पाण्याच्या जुन्या पाईपचे वीतभर तुकडे मधोमध चिरले आणि हौद्याच्या कडेवर दोराखाली बसवले. फुकटातला उपाय, पण रंग वाचवण्यात त्याचा वाटा मोठा आहे. भाजीवाले दोघे-तिघे ते पाहून आपापल्या गाड्यांना तसंच करायला लागलेत.

पॉलिशच्या आधी एक तपासणी केली. छताच्या कोपऱ्यात थोडं पॉलिश पांढऱ्याऐवजी काळ्या कापडावर घेऊन चोळलं. कापडावर पांढरा रंग आला. म्हणजे माझ्या गाडीच्या रंगावर वेगळा क्लिअर कोट नाही, रंगच उघडा आहे. क्लिअर कोट असता तर गाडीचा रंग कापडाला लागला नसता. हे कळणं गरजेचं, कारण उघडा रंग उन्हानं लवकर पुडीसारखा होतो, पण त्याच कारणानं पॉलिशनं लवकर उजळतोही. वरची मेलेली पूड निघाली की खालचा जिवंत रंग दिसतो. मशीन घेतलं नाही, हातानंच केलं, एका वेळी दोन हात लांबी-रुंदीचा भाग. कडांवर जोर दिला नाही, तिथं रंग सर्वांत पातळ असतो. नखात अडकणारे चर तसेच सोडले. ते काढायला जेवढा रंग उतरवावा लागेल तेवढा मला पत्र्यावरच हवा होता.

शेवटी मेण. कार्नोबाचं, म्हणजे एका ताडाच्या पानांवरच्या मेणाचं, पेस्ट वॅक्स घेतलं. सिरॅमिक कोटिंगबद्दल, म्हणजे रंगावर घट्ट बसणाऱ्या कडक पारदर्शक लेपाबद्दल, दुकानदारानं पुष्कळ सांगितलं. ते जास्त टिकतं हे खरं आहे, पण खालचा रंग निर्दोष करून, धूळ नसलेल्या बंद जागेत लावायचं काम ते. विटा वाहणाऱ्या गाडीला दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावता येणारं मेण बरं, असं माझं मत. लावताना इतकं पातळ लावायचं की लावलंय की नाही अशी शंका यावी. धुकट झालं की स्वच्छ मायक्रोफायबरनं उतरवायचं. पुढच्या काचेला लावायचं नाही, वायपर फरफटतो आणि रात्री समोरच्या दिव्यांची चमक पसरते. काळ्या प्लॅस्टिकला लागलं तर पांढरे डाग राहतात, म्हणून बंपरच्या कडेला चिकटपट्टी लावून घेतली. नव्या रंगाच्या टिकल्यांवर मात्र लगेच मेण दिलं नाही, त्या पुरत्या पिकेपर्यंत थांबलो.

मेणाची परीक्षा खंडेनवमीलाच झाली. आईनं बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हळदीची बोटं ओढली, झेंडूचं तोरण बांधलं, चाकाखाली लिंबं ठेवली. आमच्या भागातल्या पांढऱ्या गाड्यांवर दिवाळीपर्यंत गुलाबी स्वस्तिक दिसत राहतं, कारण बाजारातल्या कुंकवाचा रंग उघड्या रंगात मुरतो. मी आईला म्हणालो, "आई, मी उद्या पुसणार हं." ती म्हणाली, "पूस की. एक रात्र राहू दे म्हणजे झालं." दुसऱ्या दिवशी ओलं कापड त्यावर थोडा वेळ ठेवलं आणि कुंकू मेणासकट निघून आलं. हळदीची फिकट छटा राहिली होती, ती उन्हानं आपोआप गेली. त्या चौकोनाला मेणाचा नवा हात दिला. तोरण चिकटपट्टीनं न लावता सुतळीनं आरशांना बांधलं होतं, त्यामुळे गोंद खरवडायची वेळ आली नाही.

आता रोजचं जे चालतं ते थोडकंच आहे. गोव्याहून परत आलो की कितीही रात्र झाली तरी खालून आणि कमानींत साध्या पाण्याची धार. शाम्पू नाही, पुसणं नाही, फक्त मीठ उतरवायचं. खत उतरवलं की हौदा त्याच दिवशी धुवायचा, मॅट उभी करून वाळवायची. पाखराची विष्ठा दिसली की ओलं कापड ठेवून भिजवायची आणि उचलायची, उन्हात वाळू द्यायची नाही. विटांच्या हंगामात धूळ रोज बसते, तिला मी हात लावत नाही, आठवड्याच्या धुण्यापर्यंत ती तशीच राहते. कुणी "गाडी मळली की हो" म्हटलं तरी कोरडं फडकं काढत नाही. मदतीला येणाऱ्या पोराला हे समजावायला वेळ लागला, त्याला मालकाची गाडी पुसल्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नसे.

हौद्याच्या तळाला मेणाचा काही उपयोग नाही, विटा ते दोन खेपांत उतरवतात. तिथं गंजरोधक काळा रंग मारून वर जुनी प्लायवुडची फळी आणि तिच्यावर मॅट टाकली आहे. फळीखाली ओल राहू नये म्हणून ती महिन्यातून एकदा काढावी लागते. मृगाच्या आधी चॅसीसला गंजरोधक लेप द्यायचा आहे. मामांनी त्यासाठी आत्तापासूनच एक ताकीद देऊन ठेवली आहे: आधी खालचं सगळं धुऊन दोन दिवस उन्हात खडखडीत वाळवायचं, आणि पाणी जायच्या भोकांत लेप जाऊ नये म्हणून त्यांत कापडाचे बोळे घालायचे, मग विसरायचे नाहीत.